हौद्यात भरायचं की ट्रेलर जोडायचा?

‘पिकअप साडेतीन टन ओढते, मग हौद्यात दीड टन टाकला तर काय बिघडलं?’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं.

आधी हौदा. गाडीचं कमाल एकूण वजन बहुतेक पिकअपमध्ये दाराच्या चौकटीवरच लिहिलेलं असतं. समजा ते 3,000 किलो आहे आणि रिकामी गाडी 2,050 ची. उरले 950. त्यातून तुम्ही, शेजारचा माणूस आणि टूलबॉक्स वजा केलात की हातात राहतात साधारण 750, म्हणजे 50 किलोची 15 पोती. तेवढ्यात भागत असेल तर ट्रेलरच्या भानगडीत पडू नका. जड माल मात्र केबिनला चिकटून ठेवा. फाळक्याजवळ रचलात तर गाडी उलाळ होते: पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग तरंगतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात.

माल त्याहून जड असेल, किंवा उंच यंत्र असेल, तर बुटका ट्रेलर, आणि तोही स्वतःचे ब्रेक असलेला. पण त्याने हौदा मोकळा होतो असं समजू नका. साध्या हूकवर ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार यावा लागतो. 2,000 किलोच्या ट्रेलरचे हे 200 ते 300 किलो त्याच 750 मधून जातात.

हा भार कमी करायला माल मागे सरकवण्याचा मोह होतो. मी एकदा जनरेटर उलट्या तोंडाने चढवला होता, इंजिनचं जड टोक मागे. साठच्या वेगाला ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली आणि आरशात तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसू लागला. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच हलके लावा.

रिव्हर्स जमत नसेल तर आधी रिकाम्या ट्रेलरवर मोकळ्या मैदानात हात बसवा. उतारावर दोन्हीकडे नियम एकच, खालचा गिअर उतार लागायच्या आधी. आणि निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा; माल बसला की ते हमखास सैल होतात.