किएव्ह ८८ की किएव्ह ६०, घ्यायचा कुठला

दोन्ही कॅमेरे युक्रेनच्या कीव्हमधल्या आर्सेनल कारखान्यातले, दोन्हीत १२० चा रुंद फिल्म रोल जातो आणि ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघतात, पण हातात घेतले की दोघांचा स्वभावच वेगळा. ८८ म्हणजे सरळ सरळ हॅसलब्लाड १६००एफ या स्वीडिश कॅमेऱ्याच्या घराण्यातला, चौकोनी डबा, लेन्स काढा, फिल्म बॅक (फिल्म ठेवायचा मागचा डबा) काढा, वरून वाकून बघा, आणि अर्धा रोल झाला असताना बॅक बदलून कलरवरून ब्लॅक अँड व्हाइटवर जाता येतं, फक्त डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवर उजेड पडू न देणारी पातळ पट्टी, आधी घालायची हं, नाहीतर फ्रेम गेली. एक नियम मात्र पाठच करा, आधी शटर चावी फिरवून भरायचं आणि मगच स्पीड बदलायचा, उलटं केलं तर आतलं मेकॅनिझम बिघडू शकतं.

६० म्हणजे नेहमीच्या एसएलआरला कोणीतरी भरपूर खायला घातलंय असा. बॅक बदलत नाही, पण पेंटाकॉन सिक्स या जर्मन कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसवायची जागा) असल्यामुळे जर्मनीच्या येना कारखान्यातल्या बायोमेटार, झोनार लेन्स चढतात, आणि १८० एमएमच्या झोनारने पोर्ट्रेट काढले की वजनाची तक्रार तोंडातच राहते. त्रास एकच, फ्रेम एकमेकींवर चढतात, म्हणून रोल घट्ट भरायचा, लिव्हर पूर्ण ओढायचा आणि परत जाताना हात सोडायचा नाही.

फ्लॅशवाल्यांनी दोन्हीकडून आशा सोडा, सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर स्पीड, १/३० सेकंदच. मी तरी ६० घेईन, ८८ चे नखरे रोज कोण सांभाळणार.