कॅलिफोर्नियातील घराचा विमा: ॲडमिटेड कंपनी की सरप्लस लाइन्स?

वणव्याच्या पट्ट्यातील घराच्या पॉलिसीचे नूतनीकरण नाकारले गेले की ब्रोकर बहुधा दोन कोटेशन पुढे ठेवतो: एक राज्याचा परवाना असलेल्या, म्हणजे ॲडमिटेड, कंपनीचे आणि दुसरे सरप्लस लाइन्समधील, म्हणजे राज्याचा परवाना नसलेल्या कंपन्यांच्या बाजारातील, नॉन-ॲडमिटेड कंपनीचे. दोन्ही कंपन्या बाहेरच्या राज्यातील असू शकतात. येथील विमा कायद्याच्या परिभाषेत टेक्सासची कंपनीसुद्धा ‘फॉरेन’च असते. नॉन-ॲडमिटेड म्हणजे बेकायदा, असा समज मात्र करून घेऊ नये. अशा कंपनीकडे साधारणपणे किमान 4.5 कोटी डॉलरचे भांडवल व गंगाजळी असावी लागते, आणि तिच्याकडे जाण्यापूर्वी ब्रोकरने सहसा तीन ॲडमिटेड कंपन्यांकडे विचारणा केलेली असावी लागते.

मी प्रथम सरप्लस लाइन्सची पॉलिसी घेतली, कारण 3 टक्के राज्य कर धरूनही ती स्वस्त पडत होती. दीड महिन्यातच एक ॲडमिटेड कंपनी आमचे घर घ्यायला तयार झाली, तेव्हा जुनी पॉलिसी रद्द केल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पॉलिसीच्या शेवटच्या पानांत ‘मिनिमम अर्न्ड प्रीमियम’ची अट होती: पॉलिसी कधीही रद्द करा, वर्षाच्या हप्त्याचा चौथा हिस्सा कंपनीचाच. सहा आठवड्यांच्या संरक्षणासाठी मी तीन महिन्यांचे पैसे मोजले आणि ब्रोकरची फीही गेली. हे मला फार लागले. ही अट सर्वत्र सारखी नसेलही, पण तेव्हापासून माझे मन ॲडमिटेड कंपनीकडेच झुकते.

शिवाय ॲडमिटेड कंपनी बुडाली, तर राज्याचा हमी निधी दाव्यापोटी ठराविक मर्यादेपर्यंत भार उचलतो. सरप्लस लाइन्सला हे छत्र नाही, आणि तसे ठळक अक्षरांत लिहिलेल्या सूचनापत्रावर ग्राहकाची सहीही घेतली जाते. मतदारांनी 1988मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव 103’ या कायद्यामुळे ॲडमिटेड कंपनीला दरवाढीपूर्वी विमा आयुक्तांची मंजुरी लागते, हाही आधारच आहे.

घर पुन्हा बांधण्याचा खर्च फेअर प्लॅनच्या (इतरत्र विमा न मिळणाऱ्यांसाठीच्या शेवटच्या पर्यायाच्या) 30 लाख डॉलरच्या मर्यादेपलीकडे जात असेल आणि ॲडमिटेड कंपन्यांनी नकार दिला असेल, तर सरप्लस लाइन्स हाच कदाचित योग्य मार्ग ठरेल. तेथे सही करण्यापूर्वी किती टक्के हप्ता परत मिळणार नाही, हे ब्रोकरकडून लेखी घ्यावे.