मेंदीचं कुंपण जाळणारा तणनाशकवाला: 11,700 रुपये गेले, तुम्ही सावध राहा

कंपाउंडला लागून आमचं 60 फूट मेंदीचं कुंपण होतं. होतं, कारण आता त्याच्या काड्या उरल्यात. बुंध्याशी हराळी, लव्हाळा आणि गाजर गवत माजलं होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाठीवर पंप अडकवून हा माणूस दारात आला. पुढचं बोलणं तुम्हाला पाठ असेलच: शेजारच्या सोसायटीचं काम झालंय, माल शिल्लक आहे, आजच करून घेतलंत तर स्वस्तात पडेल. "ताई, मेंदीच्या पानालाही धक्का लागणार नाही."

ग्लायफोसेट 41 टक्के हे तणनाशक म्हणून 850 ची एक अशा एकेक लिटरच्या चार बाटल्या, म्हणजे 3,400. फवारणीचे 2,600. वर 'गॅरंटी'चे 1,500. एकूण 7,500, सगळे रोख. चार लिटर! एवढ्याशा पट्ट्याला एक पंपसुद्धा जास्त होतो आणि त्यात शंभर-दीडशे मिली औषध पुरतं, हे मला नंतर कळलं. बाटल्या तो रिकाम्या करून सोबत घेऊन गेला.

मला राहून राहून आठवतो तो गेटजवळचा तुकडा. आदल्या संध्याकाळी त्याने तिथे नमुना म्हणून फवारलं होतं आणि दुसऱ्या दुपारी गवत तपकिरी पडलं. "बघा पॉवर," म्हणाला. मी हराळीची एक काडी ओढून पाहिली. वर पान कुरकुरीत वाळलेलं, खाली मुळाजवळ पांढरं, रसरशीत. तिथेच सगळं उघडं पडलं होतं! ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरतं, तण पिवळं पडायलाच आठवडाभर लागतो. एका दिवसात जळतं ते फक्त वरवर जाळणाऱ्या औषधाने, आणि मूळ जिवंत राहतं. पण हे सामान्य माणसाला कोण सांगतं? बाटलीवर छापील लेबल होतं, त्यावर विषारीपणाची खूण असलेला रंगीत त्रिकोण होता, माणूस आत्मविश्वासाने बोलत होता. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरण्याचा आदेश काढला, तोसुद्धा त्याने मला ऐकवला: "हे घरी मारता येत नाही, आम्हीच मारायचं." मग त्याचा स्वतःचा परवाना कुठे होता?

आणि खरं ग्लायफोसेट असतं तरी 'मेंदी सोडून बाकीचं मरेल' ही थापच. ते पानापानांत फरक करत नाही, ज्या हिरव्या पानावर पडेल ते मारतं. रुंद पानांचं तण मारणारं 2,4-डी हे दुसरं तणनाशक असेल तर मेंदीही रुंद पानांचीच. आमच्या मेंदीचे शेंडे आधी पिळवटले, वाकडे झाले, मग खालून वर वाळत गेले. शेतीतल्या एका जाणकाराने बघताक्षणी सांगितलं, 2,4-डीची लक्षणं आहेत, पंपात आधीचं उरलं असेल नाहीतर मुद्दाम मिसळलं असेल. लव्हाळा मात्र पुन्हा टरारून उगवला. नवीन 120 रोपं, 35 ला एक, म्हणजे आणखी 4,200.

तक्रारीला गेले तर कृषी कार्यालयात पहिला प्रश्न: "सातबारा आहे का?" मेंदीचा सातबारा कुठून आणू? मग म्हणे घरगुती वापर कायद्यात बसत नाही. साफ चूक. कीटकनाशके अधिनियम 1968 मध्ये तणनाशकंही येतात. कलम 38 ची सूट स्वतःच्या घरी वापरणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. विकायला आणि धंदा म्हणून फवारायलाही कलम 13 चा परवाना लागतो. हे मी, एका गृहिणीने, अधिकाऱ्याला वाचून दाखवायचं? तरीही नमुना घेतला नाही, कारण बाटली नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर विचारलं, बिल आहे का. बिल देणारा ठग कुणी पाहिलाय? प्रत्येकाने मला पुढच्या दारी ढकललं, आणि तो माणूस या सगळ्या वेळात दुसऱ्या गल्लीत फवारत असणार.

नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, यातलं एक जरी लेबलवर नसेल तर बाटली हातात घेऊ नका. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आणि रिकामी बाटली काम होईपर्यंत तुमच्याच ताब्यात. पंप आधी कशाला वापरला ते विचारा. 2,4-डीचा पंप कुंपणाजवळ आणूच देऊ नका, साध्या पाण्याने आतलं औषध निघत नाही. फवारायचंच असेल तर वारा पडलेला हवा, नोझलवर फवारा आजूबाजूला उडू न देणारं हूड हवं, दाब कमी हवा. मेंदीला बुंध्यातून कोवळे फुटवे असतील तर तिथे ग्लायफोसेटही नको, हिरव्या सालीतूनसुद्धा ते आत जातं. बुंध्यालगतचं गवत खुरप्यानेच काढा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा, नुसता ओढलात तर परत येतो.

तुमच्याकडे असा कुणी आला तर फवारणीआधीच त्याचा, बाटलीचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढा. फोटोला नकार दिला तर गेट लावून घ्या. माझ्याकडे एकही फोटो नाही, म्हणून माझ्या अर्जावर 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून तो बंद केला गेलाय. आता मी वरच्या कार्यालयात अपील केलंय, आणि ज्यांना याच माणसाने फसवलंय त्यांनीही आपापल्या भागात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.