मागचा बीम, दोन बुश आणि उगाच बदललेले शॉकअप

इंजिन, मायलेज, टचस्क्रीन यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. माझी पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी संपलेली. फिरणं पुणे–कोल्हापूर आणि अधूनमधून आंबा घाट उतरून गावी. मला बोलायचंय ते मागच्या सस्पेन्शनवर, त्यातही दोन रबरी बुशांवर, म्हणजे सांध्यात बसून धक्के झेलणाऱ्या रबरी कड्यांवर.

पावसाळा संपता संपता मागून 'खट्' यायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गाडी रॅम्पवर न घेताच शॉकअप गेल्याचं जाहीर केलं. दोन्ही बदलले, बिल भरलं, आणि गेटबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात पुन्हा खट्! परत गेलो तर म्हणे, "सर, मागच्या दोन चाकांना जोडणारा अख्खा बीम घ्यावा लागेल, बुश सुटा येत नाही." एस्टिमेट पाच आकडी.

मग आवाज नेमका कधी येतो ते बघत बसलो. स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर गप्प. एकच चाक खड्ड्यात गेलं की खट्. रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला तरी खट्. शॉकअपचा दोष असता तर स्पीडब्रेकरवरही ओरडला असता ना?

स्विफ्ट, आय२०, सिटी, आपल्याकडच्या अशा बहुतेक गाड्यांना मागे ट्विस्ट बीमच असतो. दोन आर्म, म्हणजे चाकं धरणारे दांडे, पुढून मागे आलेले, त्यांना जोडणारा पत्र्याचा आडवा बीम, एका बाजूने उघडा. तो सहजी वाकत नाही, पण पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम उचलली तर पीळ पडत नाही. एकच उचललं की पडतो, आणि वळणावर गाडी कलंडू न देण्याचं कामही हाच पीळ करतो. हे सगळं धूड बॉडीला धरून असतं ते आर्मच्या पुढच्या टोकांच्या दोन बुशांवर. ब्रेकची ओढ, खड्ड्याचा धक्का, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

हा बीम म्हणजे निव्वळ कंपनीची काटकसर, असं मी गाडी घेतल्यापासून म्हणत आलोय. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फला बीम होता, २००३ मध्ये त्याच गोल्फला मल्टिलिंक, म्हणजे दोन्ही चाकं सुटी हलू देणारं सस्पेन्शन, आलं, मग आपल्यालाच अजून जुनं का? पण २०१२ नंतरच्या गोल्फमध्ये कमी ताकदीच्या इंजिनांना पुन्हा बीमच दिला. आणि मल्टिलिंकमध्ये प्रत्येक चाकामागे तीन-चार आर्म, प्रत्येकाला बुश. ते झिजले की बिल कोण भरणार? माझ्याकडे मोजून दोन. आता मी बीमच्या बाजूने आहे.

कराडजवळच्या एका गॅरेजवाल्याने पहार घालून हलवलं आणि फाटलेलं रबर समोर दाखवलं. बुश बाजारात सुटा मिळाला. जुना काढण्याआधी त्याने आर्मवर खडूची रेघ मारली, कारण या बुशात रबराला दोन बाजूंना पोकळी असते आणि ती ठरलेल्या दिशेलाच हवी. नवे प्रेसवर बसवले, बीम चढवला, पण बोल्ट आवळले नाहीत. गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेऊन चाकांवर उभी केली, डिकी दोन-चारदा दाबली, मग खाली उतरून पाना लावला.

"हवेत लटकलेली असताना आवळलं ना दादा, तर गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं."

कुणाकडूनही हे काम करून घेत असाल तर त्या वेळी तिथे उभे राहा. दोन्ही बुश, प्रेस, लेबर धरून खर्च बीमच्या एस्टिमेटच्या दहाव्या हिश्शातही नव्हता.

आवाज बंद. गाडी रिकामी असली की मागून अजून उडते, ते चालायचंच. चार माणसं बसली की शहाणी होते. आणखी एक: माझ्या गाडीत मागच्या चाकांचा टो-कँबर, म्हणजे चाकांचे आत-बाहेरचे कोन, जुळवायची सोयच नाही. तरी दर सर्व्हिसला बिलात 'फोर व्हील अलाइनमेंट' लावतात. मागे नक्की काय फिरवलं, विचारा एकदा.

शॉकअपचे पैसे परत मागितलेत. जुने बघायला मागितले तर स्क्रॅपमध्ये गेले म्हणतात. तक्रारीच्या उत्तरात मोफत वॉशिंगचं कूपन आलंय, तेही महिनाअखेरपर्यंतच चालणार.