वेट आणि सर्किटच्या कॅलरी मोजायच्या कशाने? घड्याळ, छातीचा पट्टा की तक्ता

परभणीतल्या आमच्या जिममध्ये व्यायाम संपला की पहिला प्रश्न येतो, "दादा, किती जळाल्या?" मनगटावरचा आकडा बघायचा आणि त्या हिशेबानं रात्रीची भाकरी ठरवायची, असं बरेच जण करतात. म्हणूनच घड्याळ घ्यावं, ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा की कुठल्या व्यायामाला किती कॅलरी लागतात याच्या तक्त्यावरून हिशेब करावा, हे नीट ठरवायला हवं. मी तिन्ही वापरले आहेत.

आधी घड्याळ. ते कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताच्या ये-जेवरून हृदयाचे ठोके मोजतं, मग वय, वजन आणि ठोके यांवरून कॅलरीचा अंदाज बांधतं. चालणं, पळणं, सायकल यांत ठोके आणि शरीराला लागणारा ऑक्सिजन बऱ्यापैकी बरोबरीनं वाढतात, म्हणून तिथं हा अंदाज निदान पायावर उभा असतो. वेटमध्ये, म्हणजे वजनं उचलताना, ही जोडी तुटते. जड डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहताना, आपण श्वास रोखतो, मूठ आवळतो, रक्तदाब चढतो आणि ठोके उसळतात, पण ऑक्सिजन त्या मानानं लागलेला नसतो. घड्याळाला ते कळत नाही. ते तुम्ही पळताय असं धरून हिशेब करतं.

कधी उलटंही होतं. एकदा डेडलिफ्टचा सेट संपवून मी लगेच मानेवर दोन बोटं ठेवली. दहा सेकंदांत २६ ठोके, म्हणजे मिनिटाला १५६. घड्याळावर ९६. मूठ आवळली की मनगटाचे स्नायू ताणतात, पट्टा सरकतो, खाली घाम साचतो आणि सेन्सर चुकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. ठोक्यांच्या बाबतीत सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के निघाली. ही चाचणी चालणं, पळणं, सायकल यांवर होती. त्यात वेट नव्हतंच.

त्यात आपला मे महिना. पारा ४२-४३ ला गेला, लाइट गेली, कूलर बंद पडला की तोच व्यायाम, तेच वजन, पण ठोके चढेच. अंग गार ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, आणि घड्याळ ते सगळं मेहनतीच्या खात्यात टाकतं. मे आणि डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवून "माझी मेहनत वाढली" असं म्हणू नका.

छातीचा पट्टा हृदयाचा विजेचा संकेत थेट पकडतो, म्हणून मूठ आवळली काय नि हात हलला काय, ठोके बरोबर येतात. सर्किट म्हणजे एकामागून एक वेगवेगळे व्यायाम; त्यात मिनिटा-मिनिटाला व्यायाम बदलतो, तिथं हे फार कामाचं आहे. थंडीत लावताना आतली बाजू पाण्यानं ओली करा, नाहीतर सुरुवातीचे ठोके वेडेवाकडे येतात. व्यायामानंतर धुवा, घामाचं मीठ सुकून पट्टा खराब होतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: पट्टा ठोके सुधारतो, सूत्र नाही. ठोक्यांवरून कॅलरी काढण्याची अडचण वेटमध्ये इथंही तशीच राहते.

आता तक्ता. तो फुकट आहे आणि वेटसाठी माझा कौल त्यालाच. शारीरिक हालचालींचा हा तक्ता पहिल्यांदा १९९३ मध्ये छापला गेला, नंतर सुधारत गेला. त्यात मेहनत मेट या मापात दिलेली असते. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, म्हणजे साधारण दर किलो वजनामागे तासाला १ किलोकॅलरी (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो तीच). २०११ च्या आवृत्तीत ८ ते १५ रेप्सच्या, म्हणजे एका दमात वजन तेवढ्या वेळा उचलण्याच्या, साध्या वेट ट्रेनिंगला ३.५ मेट आहेत. ७० किलोच्या माणसानं ४५ मिनिटं केलं तर ३.५ × ७० × ०.७५, म्हणजे सुमारे १८४. पण तेवढा वेळ खुर्चीत बसला असता तरी १ मेट गेलाच असता. तो वजा केला की व्यायामाचे खरे उरतात १३१. हीच वजाबाकी बहुतेक जण विसरतात.

१३१ म्हणजे किती? पंचवीसेक ग्रॅम, मूठभर शेंगदाणे. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी दोनशेच्या आसपास जाते. व्यायामानंतरही शरीर काही वेळ जास्त जाळत राहतं हे खरं, पण ते थोडंच असतं, त्याच्या भरवशावर जास्तीची भाकरी वाढून घेऊ नये.

तक्त्याची कमजोरी सर्किटमध्ये दिसते. मध्यम सर्किटला ४.३ मेट, न थांबता दमवणाऱ्याला ८. अर्ध्या तासाला, बसण्याचा खर्च वजा करून, ७० किलोच्या माणसाचे एकाचे ११५ आणि दुसऱ्याचे २४५ होतात. निवड तुमच्या हातात, आणि प्रत्येकाला आपलं सर्किट जोरातच वाटतं. माझी कसोटी साधी आहे: दोन स्टेशनांच्या (सर्किटमधल्या एकेका व्यायामाच्या जागांच्या) मधे पूर्ण वाक्य आरामात बोलता आलं तर ४.३ धरा. शब्दच फुटत नसेल तर ८.

मग घ्यायचं काय? आठवड्यातून तीन-चार दिवस सर्किट करत असाल तर छातीच्या पट्ट्यावर पैसे घाला. घड्याळ आधीच असेल तर सर्किटपुरतं, त्याच ऋतूतले आठवडे एकमेकांशी ताडायला वापरा, खाण्याचा हिशेब त्यावर नको. फक्त वेट करत असाल तर काहीच विकत घेऊ नका. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर औषधानं ठोके दबलेले असतात. तिथं घड्याळ आणि पट्टा दोन्ही कमी आकडा दाखवतील, तक्ताच धरा. किती जोर लावायचा ते डॉक्टरांना विचारा.

वजन उतरवायचं असेल तर तीन आठवडे रोज सकाळी, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. खाणं तेवढंच ठेवूनही सरासरी हलत नसेल, तर मनगटावर ४०० दिसो की ५००, खाणं आणि खर्च बरोबरीचे आहेत. माझ्या वहीत आता वेटच्या दिवशी एवढंच असतं: स्क्वॅट ६० किलो, ५ चे ५ सेट, ४५ मिनिटं, १३०.