लिनक्सवरून विंडोज सर्व्हर: सात महिन्यांचा अनुभव आणि लायसन्सचा घोळ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, हिशेब मी बघतो. मार्चमध्ये विंडोज सर्व्हर २०२२ घेतला आणि पाच जुन्या पीसींवर लिनक्स मिंट टाकलं. रेमिना (दुसऱ्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर उघडणारं ॲप) उघडायचं, सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि तिथलंच अकाउंटिंग चालवायचं. वेग उत्तम, तक्रार शून्य.

विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, "लिनक्सवरून जोडताय ना, मग वेगळं लायसन्स लागत नाही." आम्ही विश्वास ठेवला. जुलैतल्या एका शनिवारी, ऐन पगाराच्या दिवशी, पाचही पीसींवर कनेक्शन नाकारलं गेलं. लायसन्स सर्व्हरच नाही, असा संदेश. बाहेर शिलाईच्या बायका ओळीने उभ्या आणि हजेरी सगळी सर्व्हरवर. शेवटी सुपरवायझरच्या वहीवरून आकडे काढून पगार वाटला. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सेशन होस्ट (अनेकांना एकाच वेळी सर्व्हरवर काम करू देणारा भाग) बसवल्यापासून १२० दिवसांची सवलत असते, ती संपली होती. रेमिना फुकट आहे, लिनक्सही फुकट आहे, पण लायसन्स लागतं ते ज्या सर्व्हरवर काम करता त्याचं. समोर मॅक असो, लिनक्स असो की मोबाइल, विंडोज सर्व्हरचं कॅल (सर्व्हर वापरण्याचं लायसन्स) आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपचं कॅल, दोन्ही हवीत. फुकट मिळणारी दोन सेशन्स (एका वेळची दोन लॉगिन) फक्त सर्व्हरच्या देखभालीसाठी आहेत, त्यांवर रोजची बिलं करू नका.

युजर कॅल (दर माणसामागे) की डिव्हाइस कॅल (दर मशीनमागे), यावर मी दोन रात्री घालवल्या. आमच्याकडे दोन पाळ्यांत नऊ माणसं आणि पाच पीसी, म्हणून डिव्हाइस. अण्णा मोबाइलवरून स्टॉक बघतात, तो धरून सहा. शिवाय आमचा सर्व्हर वर्कग्रुपमध्ये, म्हणजे युजरांची एकत्रित नोंद नसलेल्या साध्या नेटवर्कमध्ये आहे, तिथे युजर कॅल लावलं तर तासाभरात सेशन तुटतं. आणि कॅल सर्व्हरच्याच आवृत्तीचं किंवा नवं घ्या, जुनं चालत नाही.

सप्टेंबरात एक पीसी फॉरमॅट केला, तर त्याने नवं लायसन्स मागितलं. जुनं ५२ ते ८९ दिवसांत आपोआप सुटतं. घाई असेल तर सर्व्हरवरून रद्द करता येतं, पण एकूण कॅलच्या २० टक्क्यांपर्यंतच. सहांत एकच बसतं, आमचं तेवढ्यावर भागलं.

उलट दिशेला हा त्रास नाही. घरच्या विंडोज लॅपटॉपवरून मी ऑफिसच्या मिंटला एक्सआरडीपीने (लिनक्सवर बाहेरून डेस्कटॉप उघडू देणारं फुकट सॉफ्टवेअर) जोडतो, तिथे कॅल लागत नाही. मात्र त्या मिंटवरून पुढे सर्व्हरवर गेलात की लायसन्सचा प्रश्न पुन्हा आलाच.