अवकाश पर्यटनासाठी प्रक्षेपण तळ: वाळवंट, समुद्रकिनारा की गवताळ मैदान?

तळ निवडायचा म्हटलं की आधी विषुववृत्ताचा मुद्दा निघतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वेग रॉकेटला जास्त मिळतो; दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातला कुरूचा तळ विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंशांवर, म्हणून तो सर्वोत्तम, असं सर्रास मानलं जातं. विषुववृत्तावरच्या कक्षेत जाणाऱ्या दूरसंचार उपग्रहांसाठी ते बरोबरही आहे. पण प्रवासी न्यायचे असतील तर मी आधी एकच गोष्ट बघेन: उड्डाण मध्येच फसलं तर माणसं कुठे उतरणार?

काही मिनिटांच्या उपकक्षीय उड्डाणात यान पृथ्वीभोवती फिरतच नाही, त्यामुळे अक्षांशाला फारसं महत्त्व उरत नाही. हवं ते मोकळं माळरान आणि कोरडी हवा. अमेरिकेत टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळचा ब्लू ओरिजिन कंपनीचा तळ आणि न्यू मेक्सिकोतला, व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनी वापरते तो स्पेसपोर्ट अमेरिका, दोन्हीकडे हे आहे. फरक यानाचा आहे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्ड यानाचं रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरातच बिघडलं. कॅप्सूल स्वतःच्या मोटरवर सुटून बाजूला झाली आणि पॅराशूटने वाळवंटात उतरली. आत माणसं नव्हती, पण असती तरी त्यांना धावपट्टी लागली नसती; सभोवतालचं सगळं रानच उतरण्याची जागा होतं.

व्हर्जिन गॅलॅक्टिकचं पंखांचं यान परतताना इंजिनाविना तरंगत येतं, त्याला धावपट्टी गाठावीच लागते. डिसेंबर २०२०मध्ये त्याचं इंजिन पेटलंच नाही, तेव्हा दोन्ही वैमानिकांनी ते सुखरूप तळावर आणलं. साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी आणि शेजारी व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी क्षेत्राचं, इतर विमानांना बंद असलेलं आकाश, ही स्पेसपोर्ट अमेरिकाची खरी कमाई. तरीही जुलै २०२१मध्ये कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या उड्डाणात यान नेमून दिलेल्या हवाई क्षेत्राबाहेर १ मिनिट ४१ सेकंद गेलं आणि चौकशी होईपर्यंत उड्डाणं थांबली. पंखांचं यान असेल तर जमिनीइतकीच आकाशाचीही हद्द तपासा.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायचं असेल तर तुलना अमेरिकेतल्या फ्लोरिडाची आणि कझाकस्तानातल्या बायकोनूरची. इथेही विषुववृत्ताचा मुद्दा वाटतो तितका जड नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली आहे. तिथे जाताना पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणारा वेग कक्षेच्या कलावर ठरतो, २८.५ अंशांवरच्या फ्लोरिडातून निघा की ४६ अंशांवरच्या बायकोनूरमधून, तो जवळपास सारखाच भरतो.

मग फरक उरतो तो खाली काय आहे याचा. बायकोनूरच्या मार्गाखाली कझाकस्तानचं गवताळ मैदान आहे. ११ ऑक्टोबर २०१८ला रशियाच्या सोयुझ यानाचं रॉकेट वाटेत निकामी झालं, कॅप्सूल कझाकस्तानातल्या झेझकाझगान शहराजवळ जमिनीवर उतरली आणि बचाव पथक आतल्या दोघा अंतराळवीरांपर्यंत लवकर पोहोचलं. फ्लोरिडाहून स्थानकाकडे जाताना खाली अटलांटिक असतो आणि उड्डाण फसलं तर कॅप्सूल त्यातच उतरणार, म्हणून तळावर स्वच्छ ऊन असूनही दूरवरच्या लाटांमुळे उड्डाण पुढे ढकलावं लागू शकतं. परतीचंही तसंच. २०२४मध्ये पोलारिस डॉन या खासगी मोहिमेचं फ्लोरिडातून होणारं उड्डाण ऑगस्टअखेरीवरून १० सप्टेंबरवर गेलं, त्याला उतरण्याच्या समुद्रातलं हवामान मोठं कारण होतं.

तरी नव्या कंपनीला मी फ्लोरिडाच सुचवेन. बायकोनूर कझाकस्तानात आणि भाडेपट्टा रशियाकडे, म्हणजे दोन सरकारांची मर्जी सांभाळायची; शिवाय पूर्वेला चीन असल्याने दिशा मर्यादित. फ्लोरिडातून मात्र २०२५मध्ये फ्रॅम२ या खासगी मोहिमेचे प्रवासी थेट ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत गेले. किंमत एवढीच की हवामानासाठी थांबण्याचे दिवस वेळापत्रकात आणि खर्चात आधीच धरावे लागतात.

अमेरिकेत उड्डाणाचा परवाना देताना एफएए, म्हणजे तिथली नागरी विमान वाहतूक यंत्रणा, पाहते ते प्रामुख्याने जमिनीवरच्या लोकांची सुरक्षा. प्रवासी धोका समजून लेखी संमती देतो. त्यामुळे प्रवाशांच्या बचावाची तयारी परवान्यावरून गृहीत धरू नका. तळ बघायला गेलात की मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर पथक किती वेळात पोहोचेल, त्याचा नकाशा आधी मागून घ्या.